पाटीवरचे आकडे : सॅन होजेतील व्हिएतनामी खाणावळी

१

खाणावळीची पाटी हा वाचण्याजोगा मजकूर आहे असे आपण सहसा मानत नाही. आत काय मिळते एवढे तिने सांगितले की तिचे काम संपते. कॅलिफोर्नियातील सॅन होजे या शहराजवळ काही आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा मात्र तेथील व्हिएतनामी खाणावळींच्या पाट्यांनी माझे लक्ष बरेच दिवस धरून ठेवले. माझा भाचा शेजारच्या मिल्पिटासला राहतो. त्या भागातील अनेक मराठी मुलांप्रमाणे तोही संगणकाच्या क्षेत्रात आहे. शनिवारी दुपारी तो मला स्टोरी रोड, टली रोड, सेंटर रोड या रस्त्यांनी फिरवून आणी. बुटक्या इमारतींतील दुकानांच्या रांगा, पुढे मोटारींसाठी सोडलेले ऐसपैस आवार, आणि दर दोन-चार दुकानांआड 'फो' हा शब्द. त्याच्या पुढे कधी माणसाचे नाव, कधी एखाद्या जुन्या दुकानाचे नाव, तर कधी नुसताच आकडा. अमेरिकेतील इतर व्हिएतनामी वस्त्यांतही अशा आकड्यांच्या पाट्या दिसतात. व्हर्जिनियात 'फो ७५' आहे, दक्षिण कॅलिफोर्नियातील गार्डन ग्रोव्ह येथे 'फो ७९' आहे.

"आत्या, तो आकडा म्हणजे त्यांनी देश सोडला ते साल," भाच्याने सांगितले. तिकडे हे सर्रास सांगितले जाते आणि ते मनाला पटकन पटतेही. साहित्याच्या शिक्षकाला असे चिन्ह हाती लागले की त्याचा अर्थ लावल्यावाचून राहवत नाही. मीही तो लावू लागले. त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि अखेरीस जिथे माझी चूक झाली, ते येथे मांडते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. मी शाकाहारी आहे. फो म्हणजे मुळात गोमांसाच्या हाडांचा पातळ रस्सा आणि त्यात तांदळाच्या पांढऱ्या, चपट्या शेवया. तो खरा रस्सा मी चाखलेला नाही. त्याच्या वासाने मात्र मला चकवले. चक्रफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलदोडा, भाजलेले आले आणि कांदा यांचा तो वास, आमच्या घरी गोडा मसाला भाजला जाई त्या दिवसाची आठवण करून देणारा होता. ओळखीचा वास आणि अनोळखी इतिहास, अशा अवस्थेत मी त्या खाणावळींत बसत होते.

२

एखाद्या राष्ट्राचा पदार्थ म्हटला की तो पुरातनच असणार अशी आपली समजूत असते. फो तसा नाही. त्याचे वय जेमतेम सव्वाशे वर्षांचे असेल. विसाव्या शतकाच्या आरंभी, उत्तर व्हिएतनामात, हनोई आणि नाम दिन्ह या शहरांच्या परिसरात तो आकाराला आला. व्हिएतनामी शेतकऱ्याच्या दृष्टीने बैल हा प्रामुख्याने नांगराचा प्राणी. गोमांसाची नियमित मागणी आली ती फ्रेंच सत्ताधाऱ्यांबरोबर. त्यांना मांसाचे चांगले तुकडे लागत, हाडे आणि उरलेले भाग स्वस्तात मिळत. रस्त्यावर शेवयांचा रस्सा विकण्याची चिनी फेरीवाल्यांची रीत आधीपासून होतीच. हे दोन प्रवाह मिळाले आणि खांद्यावर कावड घेऊन फिरणारा फोवाला जन्माला आला. कावडीच्या एका बाजूला पेटती शेगडी आणि रश्शाचे भांडे, दुसऱ्या बाजूला शेवया, वाडगी आणि मसाल्याच्या डब्या.

शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल अजून वाद आहे. काहींच्या मते तो तांदळाच्या शेवयांसाठी असलेल्या चिनी शब्दाचा अपभ्रंश, तर काहींच्या मते फ्रेंच भाषेतील 'फ', म्हणजे अग्नी, या शब्दावरून आलेला. १९३० च्या दशकाच्या आरंभी निघालेल्या व्हिएतनामी शब्दकोशाने चिनी मूळ मान्य केले होते. आपल्याकडे व्युत्पत्तीचे वाद जसे बहुधा अस्मितेचे वाद असतात तसाच हाही आहे. व्हिएतनामी माणसाला स्वतःच्या सर्वांत आवडत्या पदार्थाचे नाव दोन राज्यकर्त्यांपैकी कोणाकडून आले हे ठरवावे लागते.

पदार्थ नवा असला तरी साहित्याने त्याची दखल फार लवकर घेतली. विनोदी कवी तू मो याने १९३० च्या दशकातच फोची स्तुती करणारी कविता लिहिली. थाक लाम या कथाकाराच्या हनोईवरील पुस्तकात, जे त्याच्या मृत्यूनंतर १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले, फेरीवाल्यांच्या खाद्यपदार्थांवर पाने खर्च झाली आहेत. आणि १९५७ मध्ये न्गुयेन तुआन या ललितनिबंधकाराने 'फो' याच शीर्षकाचा निबंध लिहिला. हनोईत तेव्हा साम्यवादी राजवट येऊन तीन वर्षे झाली होती. देशउभारणीच्या काळात एका वाडग्याचे एवढे कौतुक कशासाठी, अशी टीका त्या निबंधावर झाली. ललितनिबंधाच्या 'निरुपयोगी'पणावर आपल्याकडेही अशी टीका झालेली आहे, त्यामुळे मराठीच्या अभ्यासकाला हा प्रसंग परका वाटू नये.

त्या निबंधात न्गुयेन तुआन फोवाल्यांच्या नावांविषयी लिहितो. दुकानदाराचे व्यंग, त्याची बसण्याची जागा, त्याची टोपी, यांवरून गिऱ्हाइके त्याला नाव देत आणि तेच दुकानाचे नाव होऊन बसे. हनोईचा एक फोवाला वैमानिकाची टोपी घालीत असे, म्हणून तो झाला 'ताउ बाय', म्हणजे विमानवाला. म्हणजे आरंभी पाटी नव्हतीच. नाव गिऱ्हाइकांच्या तोंडी होते. ते लिहून ठेवण्याची गरज पुढे पडली, आणि ती का पडली हेच या इतिहासाचे सूत्र आहे असे मला वाटते.

३

जुलै १९५४ मध्ये जिनिव्हा येथे करार झाला आणि सतराव्या अक्षांशाच्या आसपास व्हिएतनामचे दोन भाग झाले. लोकांना आपली बाजू निवडण्यासाठी तीनशे दिवसांची मुदत मिळाली. त्या मुदतीत सुमारे आठ ते दहा लाख लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले. त्यांत कॅथलिक पंथीयांचा भरणा मोठा होता. दक्षिणेत या लोकांना नाव पडले 'बाक ५४', म्हणजे चोपन्न सालचे उत्तरेकडचे. माणसाच्या ओळखीला साल चिकटण्याची ही सुरुवात. १९७५ नंतर उत्तरेतून दक्षिणेत आलेल्यांना 'बाक ७५' म्हणू लागले. एकाच प्रांतातून आलेले, एकच बोली बोलणारे दोघे जण, पण कोणत्या साली आला यावरून एक निर्वासित ठरे आणि दुसरा विजेता.

चोपन्नच्या लोकांबरोबर फो सायगॉनमध्ये मोठ्या प्रमाणावर पोहोचला. 'ताउ बाय'ही गेला. दक्षिणेची भूमी सुपीक, भाजीपाला मुबलक, आणि चव थोडी गोडाकडे झुकणारी. तिथे फोच्या वाडग्याशेजारी एक ताट आले. त्यात तुळशीच्या जातीचा सुगंधी पाला, लांब पानांची कोथिंबीर, मोड आलेले मूग, लिंबाच्या फोडी, मिरच्या. बरोबर सोयाबीनची काळी, गोडसर चटणी. उत्तरेकडचे जुने लोक याकडे नाक मुरडून पाहत. रस्सा स्वच्छ असावा, वर कांद्याची पात असावी, आणखी काही घातले की स्वयंपाक्याचा अपमान होतो, असा त्यांचा बाणा. आज जगभर फो म्हणून जे मिळते ते बहुतांशी ताटासह येणारे सायगॉनचे रूप आहे. म्हणजे ज्याला आपण 'अस्सल' म्हणून दाद देतो तो मुळात एका स्थलांतराने बदललेला पदार्थ. त्या ताटातला पाला हा फाळणीचा पुरावा आहे.

याच काळातल्या एका लेखकाची हकीकत येथे सांगितली पाहिजे. वू बांग हा हनोईचा पत्रकार आणि लेखक १९५४ मध्ये बायको-मुलाला मागे ठेवून सायगॉनला गेला. तिथे त्याने हनोईच्या खाद्यपदार्थांवरचे पुस्तक १९६० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे अनेक वर्षे खपून आणखी एक पुस्तक लिहिले. त्यात एकेका महिन्याला एक प्रकरण देऊन उत्तरेतले ऋतू, सण आणि पदार्थ आठवले आहेत. आपल्याकडच्या बारामासा काव्यप्रकारातील विरहिणी जशी महिन्यामहिन्याने झुरते, तसा हा पुरुष पत्नीच्या हातच्या स्वयंपाकासाठी झुरतो. ते लिहून होण्यापूर्वीच, १९६७ मध्ये, पत्नी हनोईत वारली. दोघांची भेट पुन्हा झाली नाही. उत्तरेत त्याला पळून गेलेला म्हणून दूषण मिळाले. १९८४ मध्ये तो मरण पावला. त्यानंतर उघड झाले की तो दक्षिणेत उत्तरेचाच हेर म्हणून राहिला होता. ज्या सरकारच्या कामासाठी त्याने घर सोडले त्याच सरकारच्या प्रदेशात त्याचे नाव बदनाम राहिले, आणि खरे बोलता येत नसल्यामुळे तो कदाचित पदार्थांविषयी बोलत राहिला. पदार्थाची आठवण कोणत्या पक्षाची असते, हा प्रश्न या माणसापुढे निरर्थक होतो.

आणि मागे राहिलेल्यांचे काय? हनोईत खासगी दुकानांवर बंधने आली, सरकारी दुकानांतून फो मिळू लागला. युद्धाच्या वर्षांत मांस इतके दुर्मिळ झाले की वाडग्यात रस्सा आणि शेवयाच उरल्या. अमेरिकेची वैमानिकाविना उडणारी टेहळणी विमाने तेव्हा आकाशात घिरट्या घालत. हनोईकरांनी मांसाविना आलेल्या फोला नाव दिले 'वैमानिक नसलेला फो'. एकेकाळी टोपीवरून 'विमानवाला' हे नाव देणाऱ्या शहराची विनोदबुद्धी बाँबवर्षावातही शाबूत होती. सॅन होजेच्या एकाही पाटीवर हा फो नाही. तो इतिहास तिकडे राहिला. देशोधडीला लागलेल्यांच्या स्वयंपाकघरात जे जपले जाते ते अर्धेच असते, हे विसरता कामा नये.

४

३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडले. त्या वर्षी सुमारे सव्वा लाखाहून अधिक व्हिएतनामी अमेरिकेत नेले गेले आणि लष्करी छावण्यांत ठेवून मग गावोगावच्या यजमान कुटुंबांकडे, चर्चच्या मंडळांकडे वाटून देण्यात आले. ते एका जागी जमू नयेत, विरघळून जावेत, असे सरकारी धोरण होते. लोकांनी ते मानले नाही. दोन-तीन वर्षांत ते आपण होऊन हवा बरी असेल, नातलग असतील आणि काम मिळेल तिथे जाऊ लागले. सॅन होजेच्या परिसरात फळबागा जाऊन इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने येत होते. सुट्या भागांची जोडणी करणाऱ्या हातांना तिथे मागणी होती आणि त्यासाठी फारसे इंग्रजी लागत नव्हते. १९७८-७९ पासून होड्यांतून समुद्र पार करणाऱ्यांची लाट आली. पुढे दहा वर्षांनी, दक्षिणेच्या सैन्यातले जे अधिकारी पराभवानंतर श्रमछावण्यांत वर्षानुवर्षे डांबले गेले होते, त्यांना दोन्ही देशांतील समझोत्याने अमेरिकेत येता आले. अशा थरांनी हे शहर बनले. आज व्हिएतनामबाहेरच्या कोणत्याही एका शहरात नाहीत इतके, एक लाखाहून अधिक, व्हिएतनामी वंशाचे लोक सॅन होजेत राहतात.

शहराचा मध्यभाग तेव्हा ओस पडत चालला होता आणि गाळे स्वस्तात मिळत. तिथे किराणा मालाची दुकाने आणि खाणावळी सुरू झाल्या. बँका नवख्यांना कर्ज देत नव्हत्या. भांडवल उभे राहिले ते बहुतेक 'हुई'मधून. हुई म्हणजे आपली भिशी. ओळखीच्या दहा-वीस जणांनी दरमहा ठराविक रक्कम घालायची आणि पाळीपाळीने एकाने सगळी उचलायची. लेखी करार नाही, भरवसा शब्दाचा, आणि कोणी पळाला तर सगळ्यांचे बुडते. एखाद्या दुकानाच्या मागे अशा किती कुटुंबांचा दरमहाचा घास असेल याची गणती कोणत्याही दप्तरात नाही.

फोचे दुकान या परिस्थितीला सोयीचे होते. हाडे स्वस्त. पहिले उकळते पाणी फेकून देऊन ती पुन्हा मंद आचेवर रात्रभर ठेवायची, वर येणारा फेस काढत राहायचे. हे काम झोपमोड करून घरातलाच कोणी करी. सकाळी रस्सा तयार झाला की मग शेवया काही क्षण गरम पाण्यात बुडवायच्या, कागदासारखे पातळ मांसाचे काप वर घालायचे, उकळता रस्सा ओतायचा. गिऱ्हाईक बसल्यापासून पाच मिनिटांत वाडगे पुढे. बायको गल्ल्यावर, नवरा चुलीशी, मुले शाळेतून आली की टेबले पुसणार. पगार कोणालाच नाही. पदार्थांच्या यादीत प्रत्येकाला क्रमांक असतो याचे मला पहिल्यांदा नवल वाटले. पण बाहेरच्या गिऱ्हाइकाला नाव उच्चारता येत नाही आणि वाढणाऱ्याला इंग्रजी येत नाही, अशा दोघांमधली ती सामाईक भाषा आहे.

या जगाचे सर्वांत भेदक चित्रण व्हिएत थान न्गुयेन या कादंबरीकाराने केले आहे. 'द सिम्पथायझर' (२०१५) या त्याच्या कादंबरीला २०१६ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याचे आईवडील उत्तरेकडचे कॅथलिक. ते चोपन्नमध्ये दक्षिणेत आले आणि पंचाहत्तरमध्ये चार वर्षांच्या मुलाला घेऊन अमेरिकेत. १९७८ मध्ये त्यांनी सॅन होजे गाठले आणि किराणा मालाचे दुकान काढले. दुकानाचे नाव 'नवे सायगॉन'. जवळच्याच एका दुकानाच्या काचेवर, व्हिएतनामी लोकांमुळे आणखी एका अमेरिकन माणसाचा धंदा बुडाला, अशा आशयाची पाटी लहानपणी वाचल्याचे त्याने अनेकदा सांगितले आहे. नाताळच्या आदल्या रात्री दुकानात आईवडिलांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दोघेही जखमी झाले आणि बरे होऊन पुन्हा कामाला लागले. 'द रेफ्युजीज' (२०१७) या संग्रहातील त्याच्या एका कथेत, साम्यवाद्यांशी लढण्यासाठी सैन्य उभे करायचे म्हणून दुकानदारांकडे वर्गणी मागत फिरणारी बाई येते. निवेदक मुलाची आई पैसे द्यायला तयार नसते. संपलेल्या युद्धावर ती पैसे का घालवील? पण त्या बाईचा नवरा आणि मुलगा युद्धात गेले आहेत आणि ती अजून न संपलेल्या युद्धात राहते आहे हे कळल्यावर आईचा हात आपोआप पैशाकडे जातो. किराणा दुकानाचा गल्ला ही इतिहासाची जागा असू शकते हे या कथेने मला जसे दाखवले तसे कोणत्याही इतिहासग्रंथाने दाखवले नाही.

५

नावासाठी हे शहर किती पेटू शकते हे २००७ साली दिसले. स्टोरी रोडवरच्या व्हिएतनामी दुकानांच्या पट्ट्याला अधिकृत नाव द्यायचे ठरले. बहुसंख्य निर्वासितांना 'लिटल सायगॉन' हवे होते. नगरपालिकेने नोव्हेंबर २००७ मध्ये 'सायगॉन बिझनेस डिस्ट्रिक्ट' हे नाव मंजूर केले. बाहेरच्याला दोन्ही नावांत फरक दिसणार नाही. पण 'लिटल सायगॉन' हे नाव पराभूतांच्या वस्त्यांनी साऱ्या अमेरिकेत धारण केलेले होते, आणि त्यात हरवलेल्या राजधानीचा दावा होता. मोर्चे निघाले. दक्षिणेच्या हवाई दलातील माजी वैमानिक ली तोंग याने २००८ च्या आरंभी नगरभवनासमोर उपोषण केले. अखेर मार्चमध्ये नगरपालिकेने मंजूर केलेले नाव मागे घेतले आणि लोकांना स्वखर्चाने 'लिटल सायगॉन'चे फलक लावू दिले. या प्रकरणात रोषाचे धनी व्हावे लागले ते नगरसेविका मॅडिसन न्गुयेन यांना, ज्या स्वतः निर्वासित कुटुंबातून आलेल्या. त्यांना परत बोलावण्यासाठी मार्च २००९ मध्ये मतदान घेण्यात आले. त्यात त्या तरल्या.

शहर आपले नाही, देश आपला उरला नाही, तेव्हा दुकानांच्या एका रांगेचे नाव तरी आपण ठरवणार, ही ती हट्टाची भावना होती. तिच्यात दडपशाहीही होती. वेगळा शब्द सुचवणाऱ्या आपल्याच मुलीला शत्रूची हस्तक ठरवायला काहींना वेळ लागला नाही. निर्वासितांच्या स्मृतीबद्दल हळवे होऊन लिहिताना ही बाजू वगळली तर ते लेखन खोटे होईल.

६

आम्ही ज्या खाणावळीत वारंवार जात असू तिच्या पाटीवर दोन अंकी आकडा होता. गल्ल्यावर सत्तरी ओलांडलेल्या बाई बसत. भाचा त्यांना 'बा' म्हणे. त्या भाषेत आजीला बा म्हणतात. व्हिएतनामी भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' यांसाठी तटस्थ शब्द जवळजवळ वापरातच नाही. समोरचा माणूस आजी, मावशी, काका, धाकटा भाऊ यांपैकी कोण हे ठरवल्याशिवाय वाक्य सुरू करता येत नाही. त्यामुळे खाणावळीत शिरणारा प्रत्येक जण आधी नात्यात शिरतो आणि मग जेवतो.

माझ्यासाठी तिथे 'चाय' फो येई. आपल्या चहाशी त्याचा संबंध नाही. चाय म्हणजे शाकाहारी. बौद्ध कुटुंबांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस वर्ज्य असते, म्हणून अनेक खाणावळी मुळा, गाजर आणि अळंब्यांचा रस्सा करतात. त्यात खारवलेल्या माशांचे पाणी नाही ना, असे मी पहिल्या दिवशी विचारले, तेव्हा बाईंनी हसून मान हलवली आणि आमच्या पौर्णिमेचे दिवस विचारून घेतले. तिथी हा विषय दोघींना सारखाच कळत होता.

निघण्यापूर्वीच्या शनिवारी मी त्यांना पाटीवरच्या आकड्याविषयी विचारले. हे तुमचे साल का? मागच्या टेबलावर गणिते सोडवत बसलेल्या नातीने प्रश्न भाषांतरित केला. बाई थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग जे सांगितले ते नातीच्या शब्दांत असे : सायगॉनमध्ये थोरल्या दिरांचे दुकान ज्या घरात होते त्या घराचा तो क्रमांक. आणि शेवटी त्या एक वाक्य म्हणाल्या, ते सांगताना मुलगी जरा अडखळली. "आजी म्हणते, ते साल पाटीवर लावून त्याच्याखाली जेवायला कोण बसेल?"

माझा सिद्धान्त तिथेच मोडला. इतरत्र काही पाट्यांवर खरोखर साल असेलही, पण मी सरसकट वाचन केले होते आणि ते वाचन बाहेरच्या माणसाचे होते. निर्वासिताच्या प्रत्येक खुणेत आपण त्याची आपत्तीच वाचतो. त्याला आपत्तीआधीही एक पत्ता होता, दार होते, दाराला क्रमांक होता, हे आपल्या ध्यानात येत नाही.

पुढे काही दिवसांनी मला याचा दुसरा अर्थ लागला. १९७५ नंतर सायगॉनमधील कितीतरी रस्त्यांची नावे बदलली. १९७६ मध्ये शहराचेच नाव हो चि मिन्ह सिटी झाले. त्या बाईंचा पत्ता एकेक शब्द करून पुसला गेला. देशाचे नाव गेले, शहराचे गेले, रस्त्याचेही गेले असेल. घराचा क्रमांक तेवढा कोणाला बदलावासा वाटला नाही. तोच त्यांनी बरोबर आणला आणि पाटीवर लावला.

निघताना मी नातीकडे पाहून विचारले, पुढे दुकान ही चालवणार का? बाईंना हा प्रश्न भाषांतराशिवाय कळला असावा. त्यांनी जोरजोराने हात हलवला. पहाटे तीनला उठून हाडे उकळायची ती नातीने हे करू नये म्हणून. सॅन होजेच्या 'नवे सायगॉन' या दुकानातून एक कादंबरीकार बाहेर पडला तो असाच. बहुतेक घरांतून अभियंते, परिचारिका, औषधविक्रेते बाहेर पडत आहेत. पुढची पिढी चालवणार नाही याच आशेवर चालवलेल्या या खाणावळी आहेत. त्यातल्या काही बंद होतील, तेव्हा 'वारसा हरपला' म्हणून आपण हळहळू. पण त्या बाईंच्या हिशेबाने ती भिशी पुरी फिटल्याची खूण असेल.

'फो ७९'ला २०१९ मध्ये अमेरिकेतील जेम्स बिअर्ड संस्थेने देशातल्या अभिजात खाणावळींपैकी एक म्हणून गौरवले. १९८२ मध्ये सुरू झालेले ते दुकान. गौरव योग्यच आहे. मात्र अशा पाटीखाली बसताना आकड्याचा अर्थ आपणच लावून मोकळे होण्यापेक्षा एकदा गल्ल्याशी जाऊन विचारावे. उत्तर मिळेलच असे नाही. मिळाले तर ते आपल्या अंदाजापेक्षा लहान असेल, एखाद्या घराच्या क्रमांकाएवढे.